नर्मदेवर होतो

समुद्राचे पाणी कधी न पाहिलेल्या बेशासारख्या, नागपूरला लागून असलेल्या गावच्या माणसाने युद्धनौकेवर लिहावे, याचे वाचकांस हसू येईल. परंतु आमच्या घरात एक युद्धनौका जवळजवळ पन्नास वर्षे नांदत होती आणि आम्हांस तिची वार्ताही नव्हती!

माझे चुलत आजोबा अण्णा १९४३ च्या आरंभी घरात कोणास न सांगता निघून गेले, ते १९४६ च्या उन्हाळ्यात परतले. "कोठे होतास?" या प्रश्नास त्यांचे एकच उत्तर असे: "नर्मदेवर होतो." आजीने बोटांवर हिशेब केला. नर्मदेच्या परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात. तेव्हा नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतातून नर्मदा वाहत होती. मग शंका कोणास यावी?

अण्णा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक छायाचित्र सापडले. मागे लिहिले होते: 'नर्बदा, अराकान, १९४५.' ही नर्बदा म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीची स्लूप जातीची संरक्षक नौका. १९४२ साली इंग्लंडात थॉर्निक्रॉफ्टच्या गोदीतून ती पाण्यात उतरली. व्यापारी जहाजांच्या तांड्याबरोबर राहून पाणबुड्यांपासून त्यांचे रक्षण करावे, हे अशा नौकांचे काम. पण १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर म्येबॉन व कांगॉ येथे सैन्य उतरले, तेव्हा नर्बदेच्या तोफांनी त्यास आधार दिला.

पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईस 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही तात्कालिक कारणे. मूळ कारण स्वातंत्र्य. नर्बदाही संपात सामील झाली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस खलाशांनी शरणागती पत्करली. १९४७ च्या वाटणीत नर्बदा व गोदावरी या दोन्ही स्लूप पाकिस्तानच्या वाट्यास गेल्या. नर्बदेचे नाव झेलम झाले, आणि १९५९ साली ती मोडीत निघाली.

अण्णांनी हे कोणास सांगावे? इंग्रजांसाठी लढलो म्हणावे, तर स्वराज्याच्या त्या दिवसांत मान खाली जायची. इंग्रजांविरुद्ध उठलो म्हणावे, तर पुढाऱ्यांनीच तो उठाव आवरता घेतला होता. आणि जहाज दाखवावे, तर ते परक्या देशात, परक्या नावाने. मी महाविद्यालयात मुलांना इंग्रजी सागरकाव्ये शिकवून घरी येई आणि ओसरीवर बसलेल्या या खलाशास पाणी हवे का, एवढेच विचारी.

दरवर्षी नर्मदा जयंतीस आजी परिक्रमावासी म्हणून त्यांचे पाय धुण्यास तांब्या घेऊन येई. अण्णा झटकन पाय मागे घेत. तो विनय आहे, असे आम्ही सारे समजत होतो.