भाटघरच्या पाण्यातले देऊळ

मे महिन्यात भोरला जा, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. आम्ही गेलो, कारण भाच्याला दोन दिवस घराबाहेर काढायचे होते. चौघा मित्रांनी मिळून काढलेला त्याचा रॉक बँड नुकताच मोडला होता. एकाला परगावी नोकरी लागली, दुसऱ्याचे लग्न ठरले, तिसऱ्याशी भांडण झाले. ह्याच्याजवळ उरली ती गिटार आणि अबोला. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला मी कानात कापूस घालून बसलो होतो, आणि ते त्याने स्टेजवरून पाहिले होते. तेव्हा ही सहल म्हणजे थोडे प्रायश्चित्तही होते, म्हणा ना!

नसरापूरला बनेश्वराच्या गर्द झाडीत घटकाभर टेकून वेल्ह्याला पोहोचलो. समोर तोरणा, चांगला चौदाशे मीटर उंच. पोराने मान वर केली नाही. पण पिठले-भाकरी दोनदा मागून घेतली. रात्री बहिणीला फोनवर सांगितले, "दुखणे जिवावरचे नाही."

दुसऱ्या दिवशी भोरला पंत सचिवांचा राजवाडा पाहिला आणि भाटघर जलाशयाच्या कडेने पुढे गेलो. इंग्रजी अमदानीत, 1920 च्या दशकात हे धरण झाले आणि कांबरेश्वराचे देऊळ पाण्याखाली गेले. वर्षातले बहुतेक महिने ते बुडालेलेच असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. भेगाळलेल्या चिखलातून चालत आम्ही दगडी भिंतींच्या सावलीत जाऊन बसलो.

तिथे त्याला नंदू भेंड्यांची गोष्ट सांगितली. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घर मराठी नाटकवाल्यांचे, ह्याची ओढ मात्र रॉककडे. 1974 साली अलीक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मध्ये तो ज्यूडास झाला. कीथ कांगांच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' ह्या मुंबईच्या बँडबरोबरही तो गायला. तो काळ हॉटेलांत परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्याचा. स्वतःचे काही वाजवले, तर ऐकतो कोण? 'ऑब्सेशन '77' ही बँडची एकुलती तबकडी 1981 साली बाजारात आली, तोवर बँडच विखुरला होता. नंदू त्याआधीच, 1978 साली, पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा' मध्ये गाऊन गेला होता. तबकडी विसरली गेली. आणि 2011 साली अमेरिकेतल्या एका कंपनीने त्या बँडचे संगीत पुन्हा काढले! परदेशातले शौकीन ते शोधून शोधून घेऊ लागले. नंदू 2014 साली गेला. एवढे तरी त्याला पाहायला मिळाले.

"म्हणजे तीस वर्षांनी," भाचा म्हणाला. "मामा, तोवर मी पंचावन्नचा होईन."

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो उठून आत गेला आणि त्याने एक टाळी वाजवली. दगडांतून आवाज घुमून परत आला. त्याने पुन्हा वाजवली, मग निरनिराळ्या लयींत वाजवू लागला. मी बाहेर मुकाट्याने बसून राहिलो. ह्या खेपेला कापूस नव्हता.

गाडीत बसताच त्याने भांडण झालेल्या मित्राला फोन लावला. रेंज नव्हती. कापूरहोळपर्यंत दर वळणावर तो मोबाइल काचेशी धरून पाहत होता.