पावसाळ्यात फुटबॉल, हिवाळ्यात क्रिकेट

फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळलेल्या चुनी गोस्वामींचं नाव निघालं की ‘दैवी देणगी’ म्हणून आपण मोकळे होतो. देणगी होतीच, पण तिला दोन खेळांत वाट मिळाली ती कोलकात्याच्या ऋतुमानामुळे, असं मला वाटतं. तिथली फुटबॉल लीग भर पावसाळ्यात, चिखलात रंगायची आणि क्रिकेट थंडीत. १९६२च्या सप्टेंबरमध्ये जकार्त्याला दक्षिण कोरियाला २-१ हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा कर्णधार गोस्वामी होते. त्याच मोसमात ते बंगालकडून रणजीत उतरले. एका खेळातून दुसऱ्यासाठी वेळ चोरावा लागला नाही. शिवाय फुटबॉल तेव्हा पूर्णवेळ पेशा नव्हता, खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळत. त्यामुळे उरलेल्या महिन्यांवर कुणाचा हक्क नव्हता.

यावर कुणी म्हणेल, तेव्हा स्पर्धाच कमी, म्हणून हे जमलं. पण १९६६मध्ये इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडीजला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने डावाने हरवलं, त्यात गोस्वामींचे आठ बळी होते. वेस्ट इंडीजचा तो संघ काही लेचापेचा नव्हता. १९६८-६९च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध, ब्रेबॉर्नवर, त्यांनी ९६ आणि ८४ धावा केल्या. तो काळ मुंबईच्या अखंड वर्चस्वाचा होता. १९७१-७२ला गोस्वामी बंगालचे कर्णधार म्हणून पुन्हा अंतिम फेरीत आले, तेव्हाही करंडक मुंबईनेच राखला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रथम श्रेणीचे ४६ सामने, एकच शतक, कसोटी एकही नाही, मग हे प्रावीण्य कसलं? मान्य, क्रिकेटपटू म्हणून ते फुटबॉलपटू गोस्वामींच्या बरोबरीचे नव्हते. पण प्रावीण्य म्हणजे दोन्ही पारडी समान असणं नव्हे. फुटबॉलमध्ये देशाचं आणि क्रिकेटमध्ये राज्याचं नेतृत्व करणाऱ्याला हौशी म्हणता येत नाही.

इंडियन सुपर लीग आजवर बहुतेक मोसमांत हिवाळाभर चालली, म्हणजे नेमकी रणजीच्या महिन्यांत. अकादम्या शाळकरी वयातच मुलाला एका खेळाला बांधून घेतात. त्याने कौशल्य धारदार होतं, हे खरं; मात्र निवड मुलाने करण्याआधी वेळापत्रकच करून टाकतं. दुसरा गोस्वामी का घडत नाही, हा प्रश्न म्हणूनच खेळाडूंना विचारण्यात अर्थ नाही. तो मोसम आखणाऱ्यांना विचारायला हवा.