जादा खुंटी

मालवण तालुक्यातील आचरा हे गाव श्रीदेव रामेश्वराच्या मंदिरासाठी जसे ओळखले जाते, तसेच गावपळणीसाठीही. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर पडतो, तीन दिवस तीन रात्री बाहेर काढतो आणि पुन्हा कौल मिळाला की घरी परततो. या प्रथेची आठवण एका संगणकाच्या दुरुस्तीत उपयोगी पडेल, असे कोणाला वाटले नसते.

गावातील एका घरचा मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन आला होता. घरांचे आराखडे संगणकावर काढून द्यावेत, म्हणजे मुंबईची वाट धरावी लागणार नाही, असा त्याचा विचार. तयार संगणक महाग पडतो, सुटे भाग आणून आपणच जोडू, असे त्याने वडिलांना पटवले. त्या वर्षीच्या आंब्याच्या उत्पन्नातून वडिलांनी पैसे काढून दिले. मुंबईच्या एका दुकानदाराकडून भाग आले आणि पडवीत दिवसभर बसून मुलाने ते जोडले. संध्याकाळी घरची माणसे भोवती जमली. त्याने कळ दाबली. दिवा लागला, पंख्याने एक-दोन फेरे घेतले आणि सारे शांत झाले. पुन्हा कळ दाबली, पुन्हा तेच.

वडील काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे मुलाला अधिक लागले.

पहिला संशय गावच्या विजेवर गेला. शेजारच्या घरी नेऊनही यंत्र तसेच बंद झाले. मग त्याने रॅमची पट्टी काढून घट्ट बसवली. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीजजोडणी पाहिली, कारण ती विसरली तर यंत्र सुरू होत नाही. प्रोसेसरवरील पंख्याच्या तळाचे पातळ प्लास्टिक राहिले असेल म्हणून तोही उघडला. सारे जागच्या जागी होते. शेवटी त्याने दुकानदाराला फोन लावला आणि सदोष माल गळ्यात मारलात, अशा शब्दांत मनातला राग ओकला.

दुकानदाराने ते ऐकून घेतले. मग तो शांतपणे म्हणाला, “प्लग काढा. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, पंखा आणि रॅमची एकच पट्टी, एवढेच जोडा. मग मला सांगा.”

दिवसभर खपून बसवलेले सगळे पुन्हा काढायचे, या विचारानेच मुलगा खचला. दाराशी बसलेली आजी म्हणाली, “अरे, गावपळणीक सगळो गाव भायर पडता. मगे तुझी पेटी रिकामी करूक काय जाता?”

मोठ्या यंत्राची सुरुवात लहान जोडणीने करावी, ही रीत आपल्याकडेही जुनीच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात तरुण अभियंत्यांनी संगणक घडवला, त्याला १९६२ साली ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. पण त्याआधी त्यांनी एक लहान नमुनायंत्र बनवून चालवून पाहिले होते.

मुलाने पेटी रिकामी केली. खोक्यावर मांडलेल्या मदरबोर्डाच्या दोन पिनांना त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. पंखा फिरू लागला आणि फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरे उमटली. म्हणजे माल सदोष नव्हता. दोष पेटीत होता.

आता रिकाम्या पेटीत ते सहज दिसले. मदरबोर्ड ज्यांवर टेकतो त्या पितळी खुंट्यांपैकी एक जादा होती. तिच्यावर बोर्डाला छिद्रच नव्हते. तिचे टोक बोर्डाच्या पाठीवरील डाखांना टेकत होते आणि वीज नको त्या वाटेने जात होती. पॉवर सप्लाय आपले सर्व दाब ठीक आहेत की नाहीत हे पाहून अर्ध्या सेकंदाच्या आत मदरबोर्डाला तसा संकेत देतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर तो स्वतःला बंद करतो. यंत्र दर वेळी बंद होत होते ते बिघडल्यामुळे नव्हे, बिघडू नये म्हणून.

ती खुंटी मुलानेच बसवली होती. त्याने ती काढली, एकेक भाग पुन्हा जोडला आणि प्रत्येक भागानंतर यंत्र चालवून पाहिले. रात्री उशिरा संगणक पूर्ण झाला.

“म्हणजे बंद झाला म्हणून वाचला,” वडील म्हणाले. त्या दिवसातले त्यांचे हे पहिलेच वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने पहिले काम केले ते आराखड्याचे नव्हे. त्याने मुंबईला फोन लावला. “काका, माल चांगला होता. चूक माझी होती, आणि काल मी जे बोललो तीही माझीच चूक.” पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग दुकानदार म्हणाला, “भाग बिघडला म्हणून फोन करणारे पुष्कळ असतात. चालू झाला म्हणून सांगणारे थोडेच.”

ती पितळी खुंटी त्याने फेकली नाही. टेबलाच्या खणात ठेवली आहे. दुसऱ्यावर दोष ठेवण्यापूर्वी आपली पेटी एकदा रिकामी करून पाहावी, याची आठवण तिला पाहून होते.