पाकिटांतलें आरोग्य

आरोग्य हें पूर्वीं देवाकडे मागावयाचें, वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादांतून मिळवावयाचें आणि फार तर वैद्याच्या हातून परत आणावयाचें असे. अलीकडे तें वाण्याच्या फळीवर मिळूं लागलें आहे. शहरांतील कोणत्याही मोठ्या दुकानांत जा. एक आख्खी भिंत 'पौष्टिक', 'बहुधान्य', 'नैसर्गिक', 'साखरविरहित' अशा नांवांनीं भरलेली दिसेल. नाचणीचीं बिस्किटें, ज्वारीचे पोहे, ओटचा चिवडा, गुळाच्या वड्या! दुकानदारास मी दोष देत नाहीं. गिऱ्हाइकास जें हवें तें विकावें, हा त्याचा धर्मच आहे. माझा प्रश्न गिऱ्हाइकाविषयीं, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयीं आहे. त्या भिंतीपाशीं उभे राहून आपण नेमकें काय विकत घेत असतों?

हा प्रश्न मला केवळ वादासाठीं पडलेला नाहीं. आमच्या घरीं दोन्ही वेळां अकरा पानें मांडलीं जातात. त्यांत मधुमेह असलेले थोरले भावोजी आहेत, गुडघ्यांनीं बेजार झालेल्या सासूबाई आहेत आणि शाळेंत जाणारीं तीन मुलें आहेत. महिन्याचा हिशेब माझ्याकडे असतो. एका महिन्यांत या नव्या पौष्टिक जिन्नसांचा आंकडा दुधाच्या आंकड्याला जाऊन भिडला, आणि घरांत चर्चेला तोंड फुटलें. धाकट्या जाऊबाईंचें म्हणणें असें, "वहिनी, उद्यां दवाखान्यांत मोजण्यापेक्षां आज वाण्याकडे मोजलेले बरे." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळीं यांतलें कांहीं नव्हतें, आणि मी ऐंशी वर्षांची झालें ना?" दोघींच्याही बोलण्यांत तथ्य आहे, आणि दोघींच्याही बोलण्यांत थोडी फसगत आहे.

त्या भिंतीवर सध्यां मोठा मान आहे तो नाचणीला. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, आणि त्याच सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकांत या धान्यांचा 'श्री अन्न' म्हणून गौरव झाला. मान अस्थानीं नाहीं. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत तें १० मिलिग्रॅमही भरत नाहीं. परंतु हें धान्य कांहीं काल-परवां उगवलेलें नव्हे. सह्याद्रीच्या उतारांवर तें पिढ्यान् पिढ्या पिकत आलें आहे. आपल्याच घरांत त्याला प्रवेश नव्हता. बाळाच्या सत्त्वापुरती आणि आजाऱ्याच्या आंबिलापुरती नाचणी आपल्याला चाले. तिची भाकरी मात्र डोंगरांतल्या कष्टकऱ्याची! माणसांच्या पंक्ती लावतां लावतां आपण धान्यांच्याही पंक्ती लावल्या होत्या. आंबेमोहोर पहिल्या पंक्तीला, त्याच्या शेजारीं गहूं. ज्वारी-बाजरी बाहेरच्या सोप्यावर, आणि नाचणी पार अंगणांत.

आतां पाकिटानें तिला पहिल्या पंक्तीला आणून बसविलें आहे. पण दक्षिणा मोजून घेऊन. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई मावळांतल्या. त्यांची आई नाचणीच्या भाकरीवर राबली. या स्वतः चहा-बटरवर दिवस काढतात. रेशनवर गहूं-तांदूळ मिळतात, शिवाय डब्यांत काळी भाकरी नेण्याची मुलांना लाज वाटते. बिस्किटांच्या पुड्यावरील किंमत पाहून त्या एकदां म्हणाल्या, "वहिनी, जिन्नस आमच्या शेतातला, भाव तुमच्या सोनाराचा!" त्यांच्या मुलांना ती लाज कोठून मिळाली, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत होतें. ती त्यांनीं आपल्याकडूनच उचलली. आपण टाकलें म्हणून त्यांनीं टाकलें. आणि आपण पुन्हां उचललें तेव्हां तें त्यांच्या आवांक्याबाहेर गेलें.

बरें, इतकी किंमत देऊन पुड्यांत असतें तरी काय? पुड्याची पुढची बाजू ही जाहिरात असते. मागची बाजू ही साक्ष असते. घटक द्रव्यें वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावींत असा नियम आहे. आमच्या घरच्या पुड्यावर पुढें नाचणीचें डौलदार कणीस होतें. मागें पहिलें नांव मैद्याचें, दुसरें साखरेचें, तिसरें पामतेलाचें, आणि नाचणीबाई चवथ्या. भावोजींचीं बिस्किटें 'साखरविरहित' होतीं, आणि तें खोटें नव्हतें. १०० ग्रॅममध्यें अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नसली कीं, हें बिरुद लावतां येतें. परंतु मैद्याच्या पिठुळाची पोटांत गेल्यावर साखरच होते, ही गोष्ट त्या बिरुदांत येत नाहीं. साखर नाहीं म्हणून भावोजी दोनांच्या जागीं सहा खात! गुळाचेंही तेंच. रंग सात्त्विक, पण अंगीं मुख्यतः साखरच.

सरकारी खात्याचें याकडे लक्ष नाहीं असें नाहीं. एप्रिल २०२४ मध्यें भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें ऑनलाइन विक्रेत्यांस बजावलें कीं, दुधाच्या, धान्याच्या अथवा माल्टच्या पेयांस 'हेल्थ ड्रिंक' या सदराखालीं विकूं नये. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत तशा शब्दाची व्याख्याच नाहीं. जूनमध्यें '१०० टक्के फळांचा रस' हा दावाही वेष्टनांवरून काढावयास सांगितलें. पण कायदा शब्द पुसूं शकतो. आपली हौस कोण पुसणार?

आतां सासूबाईंच्या बाजूचा विचार. जुनें सारें निर्दोष होतें, असें समजण्याचें कारण नाहीं. पांढऱ्याशुभ्र तांदुळाचा सोस जुनाच आहे. तशा तांदुळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिल्यास पुन्हां उभ्या राहतात, हें डॉ. आइकमान यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत पाहिलें. त्या शोधाच्या मागावरूनच पुढें जीवनसत्त्वांचें ज्ञान झालें आणि १९२९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. वनस्पति तूपही आपल्या आज्यांच्याच काळांत स्वयंपाकघरांत शिरलें. १९३७ सालीं 'डालडा' आला तो स्वस्त आणि स्वच्छ पर्याय म्हणून. अशा तुपांतील ट्रान्स स्निग्धांश हृदयाला घातक ठरल्यामुळें त्यांचें प्रमाण जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या आंत ठेवण्याचा नियम झाला आहे. शिवाय सासूबाई ऐंशीच्या झाल्या खऱ्या. पण त्यांच्या ऐंशी वर्षांत जातें होतें, विहिरीचें पाणी होतें, दिवसभराची उठबस होती. आणि ज्या त्यांच्या मैत्रिणी साठीही पाहूं शकल्या नाहींत, त्या आपली बाजू मांडावयास आज येथें नाहींत.

मग आपण विकत घेतों तें काय? मला वाटतें, आपण समाधान विकत घेतों. रविवारीं श्रीखंड झालें कीं सोमवारीं बहुधान्याचा पुडा आणावयाचा. हें एक प्रकारचें प्रायश्चित्तच. आणि बाजार आपल्याला दुसरें देणार तरी काय? 'एक पोळी कमी खा' हा उपदेश पुड्यांत भरतां येत नाहीं. जेवणानंतरच्या शतपावलीवर कोणास नफा मिळत नाहीं. बाजार नेहमीं आणखी कांहीं तरी घ्यावयास सांगणार. आणि आपल्याला गरज असते ती बहुधा कांहीं तरी सोडण्याची. भारतांत मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. इतक्या मोठ्या दुखण्याला पुड्यांचा उतारा पुरणार नाहीं.

दुसरी गोष्ट आपण विकत घेतों ती वेळ. आणि हें मात्र मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. धाकट्या जाऊबाई सकाळीं आठाला कचेरींत जातात. पीठ उकडून भाकरी थापावयास हात लागतात, आणि ते हात आजवर घरांतील बायकांचेच होते. 'घरचें ताजें खावें' असें पुरुषमंडळींनीं म्हणणें सोपें आहे. तव्यापाशीं उभें कोण राहणार, हें त्याच वाक्यांत सांगावें!

आमच्या घरीं शेवटीं ठरलें तें थोडक्यांत असें: धान्य अख्खें आणावयाचें, गिरणींतून दळावयाचें, मागची बाजू वाचल्याशिवाय पुडा घ्यावयाचा नाहीं, आणि मंगळवार-शनिवारच्या भाकऱ्या भावोजींनीं व थोरल्या पुतण्यानें थापावयाच्या. पहिल्या भाकऱ्यांना हिंदुस्थानच्या नकाशाचा आकार आला, पण त्या खाल्ल्या गेल्या. भावोजींची साखर उतरली कीं नाहीं तें डॉक्टर सांगतील. मात्र थापण्याचे श्रम कळल्यापासून ते मोजून खातात, एवढें मी पाहतें. कामाच्या बाईही त्या दोन दिवशीं आमच्याबरोबरच पानावर बसतात, आणि भाकरी नीट फुगली कीं नाहीं याचा निकाल त्यांच्याकडून घ्यावयाचा, असा आतां घरचा रिवाज झाला आहे.