सध्यां कुलगुरु कोण?

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट. आमचा पुतण्या शिक्षणासाठीं अमेरिकेंत बोस्टन शहरीं असतो. एके रात्रीं त्याचा फोन आला, आणि पुढचे दोन दिवस आमच्या धंतोलीच्या घरांत दुसरा विषय निघाला नाहीं. तिकडील सरकारनें हार्वर्ड विद्यापीठास फर्माविलें होतें कीं, अध्यापकांच्या नेमणुका, विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि एकंदर कारभार आम्ही सांगूं तसा चालवा. आणि विद्यापीठानें नकार देतांच २२० कोटि डॉलरांचीं अनुदानें गोठविण्यांत आलीं. काका जेवतांना संतापले. धाकट्या वहिनींनीं वर्तमानपत्रांतील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविला. विद्येच्या घरावर सत्तेनें असा हात टाकणें हा केवढा अनर्थ, ह्याविषयीं घरांतील तीनही पिढ्यांचें एकमत झालें. असें एकमत आमच्या घरांत क्वचितच होतें.

आमच्या आत्याबाई चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. नागपूर विद्यापीठाच्या १९६३ सालच्या त्या एम. ए. त्यांनीं ताकाचा पेला खालीं ठेवला व म्हणाल्या, "पोरगा तिकडे शिकून राहिला, तर तिकडची काळजी वाटणारच. पण मला एक सांगा, आपल्या विद्यापीठाचे कुलगुरु सध्यां कोण आहेत?"

त्या वेळीं पंगतीस आम्ही नऊ पदवीधर बसलों होतों. कोणासही उत्तर देतां आलें नाहीं. आमच्या बंधूंनीं धीर करून एक नांव घेतलें. परंतु ते गृहस्थ सात महिन्यांपूर्वीं वारले होते.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं असें लिहिलें तर अतिशयोक्ति होईल. झोंप उत्तम लागली. दुसरे दिवशीं मात्र जुनी वर्तमानपत्रें घेऊन बसलों आणि जें आमच्या डोळ्यांदेखत, घरापासून दीड कोसावर घडलें, तें प्रथमच नीट वाचलें. बंधूंनीं ज्यांचें नांव घेतलें त्या कुलगुरूंस २०२४ च्या फेब्रुवारींत कुलपतींनीं, म्हणजे राज्यपालांनीं, निलंबित केलें होतें. एप्रिलांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें तो हुकूम रद्द केला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते कुलगुरु वारले, आणि त्यापुढचा पुष्कळ काळ विद्यापीठाचा कारभार प्रभारी माणसांच्या हातीं गेला. आरोपांचें खरेंखोटें करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, व तो ह्या लेखाचा विषयही नव्हे. हार्वर्डच्या अध्यक्षांनीं आपल्या विद्यापीठाच्या मंडळींस लिहिलेल्या पत्रांतील वाक्यें आमच्या घरांत पाठ झालीं होतीं, आणि आपल्या गांवच्या ह्या प्रकरणांतील एक तारीखही कोणास ठाऊक नव्हती, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

विद्यापीठ कोणाच्या मुठींत असावें ह्याबद्दलची ओढाताण कांहीं एकट्या नागपूरची नाहीं. २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्राच्या विधिमंडळानें विद्यापीठ कायद्यांत दुरुस्ती मंजूर केली. निवड समितीनें सुचविलेलीं नांवें आधीं राज्य सरकारकडे जावीं, सरकारनें त्यांतून दोन कुलपतींकडे पाठवावीं, आणि कुलपतींनीं त्या दोहोंतूनच एक पसंत करावें, अशी ती योजना होती. शिवाय उच्च शिक्षणमंत्री हे प्र-कुलपति व्हावयाचे होते. राज्यांत त्या वेळीं एका आघाडीचें सरकार होतें व राज्यपाल दिल्लींतील दुसऱ्या पक्षाच्या सरकारनें नेमलेले होते, हें वाचकांस स्मरत असेलच. पुढें राज्यांतील सरकार पालटलें आणि २०२२ सालीं तें विधेयक मागें घेण्याचें ठरलें. दोन्ही पक्ष विद्यापीठाच्या स्वातंत्र्याचें नांव घेऊन बोलत होते. कुलगुरु कसा असावा हा प्रश्न त्या वादांत फारसा ऐकूं आला नाहीं. तो कोणाचा असावा, एवढेंच सर्वजण विचारीत होते.

परंतु मंत्रालयाकडे बोट दाखवून हात झटकणें फार सोपें आहे. १९८३ च्या सुमारास विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानग्या मिळूं लागल्या आणि शिक्षणसम्राट नांवाचा नवा वर्ग महाराष्ट्रांत उदयास आला. कारखाना, पतपेढी, महाविद्यालय आणि निवडणूक हीं एकाच हातांत आलीं. महाविद्यालयास संलग्नता देणारें विद्यापीठ, आणि त्या विद्यापीठाच्या अधिसभेंत व मंडळांवर जागा मिळविण्याची धडपड करणारे संस्थाचालक, असें हें चक्र आहे. त्यास बाहेरून कोणी धक्का देण्याची गरज पडत नाहीं. ह्या वर्गास आमच्यासारखीं घरें मनसोक्त नांवें ठेवतात. तथापि देणगी घेऊन प्रवेश देण्यास बंदी करणारा कायदा १९८७ सालीं झाला, आणि त्यानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यांत आमच्या काकांनीं गांवाकडील अडीच एकर शेत विकून आमच्या चुलत बंधूंस एका महाविद्यालयांत बसविलें. पावती मिळाली नाहीं. आम्हीं मागितलीही नाहीं. त्या दिवशीं घरीं श्रीखंड होतें. काका आज हार्वर्डच्या नांवानें संतापतात तेव्हां आम्हांस तें श्रीखंड आठवतें, पण वडील माणसांस कसें बोलावें?

आतां रोषाविषयीं. उच्च शिक्षण हें मूठभरांचें चोचलें आहे, त्यावर सर्वांचा पैसा कशाला, ही भाषा आजकालच्या सभांतून ऐकूं आली कीं आपल्याकडील शहाणे लोक कपाळास आठ्या घालतात. ही भाषा कालची नव्हे, आणि ती प्रथम बोलणारे मतांसाठीं बोलत नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट लिहून दिलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो; रयतेच्या मुलांस साधी शाळाही मिळत नाहीं. १९३७ सालीं गांधीजींनीं ह्याहून पुढची मजल मारली. अभियंते कारखानदारांनीं तयार करावे, सरकारी विद्यापीठांनीं केवळ परीक्षा घ्याव्या व आपला खर्च परीक्षांच्या फीवर भागवावा, असें त्यांनीं लिहिलें. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, नागपुराहून चार घटकांच्या वाटेवर, वर्ध्यास नयी तालीमची परिषद भरविली. आमचे आजोबा तेव्हां नागपुरास वकिली करीत. तो लेख वाचून त्यांनीं चरखा माळ्यावर टाकला, असें घरांत सांगतात. चरखा अजून माळ्यावर आहे.

फुल्यांचें तें बोलणें आमच्या घराण्यासंबंधींच होतें, हें मान्य करण्यास आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं. हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें. त्या कॉलेजांच्या परीक्षा आधीं कलकत्त्याच्या व पुढें अलाहाबादच्या विद्यापीठाच्या होत. आजोबांची १९१५ सालची बी. ए. ची पदवी अलाहाबादची आहे आणि ती अद्यापि दिवाणखान्यांत कांचेंत लटकते. आपल्या प्रांतास आपलें विद्यापीठ हवें ही मागणी राजकारणांतूनच पुढें आली. १९१९ च्या सुधारणांनीं शिक्षणखातें लोकप्रतिनिधींस जबाबदार अशा मंत्र्याकडे आलें, आणि १९२३ च्या ऑगस्टांत नागपूर विद्यापीठ उघडलें. पहिले कुलगुरु सर बिपिन कृष्ण बोस हे वकील होते व कायदेमंडळांत बसलेले होते. सहा महाविद्यालयें, ९२७ विद्यार्थी. तेव्हां त्या राजकारणास कोणी ढवळाढवळ म्हटलें नाहीं, कारण विद्यार्थ्यांत आमच्यासारख्या घरांचाच भरणा होता.

पुढें दारें उघडलीं. पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षणसंस्था १९३२ पासून वऱ्हाडांत शेतकऱ्यांच्या मुलांस शिकवूं लागली. १९६४ सालीं दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांच्या नांवानें महाविद्यालय उभें राहिलें. तिरोडा, साकोली, आर्वी, काटोल येथील मुलें विद्यापीठांत येऊं लागलीं, आणि आमचीं मुलें तेथून निघूं लागलीं. प्रथम पुण्यास, मग पवईस, मग समुद्रापलीकडे. निघतांना आम्हीं "आतां तेथें कांहीं राहिलें नाहीं" असें म्हटलें. १९९९ सालीं पुनर्मूल्यांकनांत गुण वाढवून देण्याचें प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां आम्हांस वाईट वाटण्याऐवजीं आपण वेळींच बाहेर पडलों ह्याचें समाधान वाटलें. तें समाधान आज आठवतां लाज वाटते. कारण त्या प्रकरणाचा फटका आमच्या घरांतील कोणास बसला नाहीं. तो बसला रात्रंदिवस अभ्यास करून खरे गुण मिळविणाऱ्या खेड्यांतल्या मुलास, ज्याच्या गुणपत्रिकेकडे नोकरी देणारा संशयानें पाहूं लागला. रोष भडकविणाऱ्या पुढाऱ्याचा मुलगाही परदेशींच शिकतो, आमचाही तेथेंच. मध्यें विद्यापीठ उरतें तें दुसरीकडे जाण्याची ऐपत नसलेल्यांसाठीं.

२००५ सालीं विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव दिलें, तेव्हां आमचे बंधू थट्टेनें म्हणाले कीं, शाळा सोडलेल्या पुरुषाचें नांव पदवीवर! आत्याबाईंनीं त्यांस तेथेंच गप्प केलें. "गांवोगांव खंजिरी वाजवून त्यांनीं जितकीं माणसें शहाणीं केलीं, तितकीं तूं वर्गांत केलीस का?" बंधू महाविद्यालयांत अध्यापक होते.

चांगुलपणाची एक आठवण ह्या विद्यापीठापाशीं आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झाले. १९३० सालीं ते वारले, तेव्हां सुमारें ३५ लक्षांची आपली मिळकत त्यांनीं उपयुक्त विज्ञानाच्या शिक्षणासाठीं नागपूर विद्यापीठास लिहून दिली होती. त्यांतून १९४२ सालीं त्यांच्या नांवाची तंत्रसंस्था उभी राहिली. स्वतःची संस्था काढून आपण तिचे तहहयात अध्यक्ष व्हावें, हें त्या गृहस्थांस सुचलें नाहीं. त्यांनीं द्रव्य विद्यापीठाच्या पदरांत टाकलें. २०२३ सालीं ती संस्था विद्यापीठापासून वेगळी होऊन स्वतःच विद्यापीठ झाली. तेथील माजी विद्यार्थ्यांस आनंद झाला, आमच्या घरांतही पेढे आले. त्या संस्थेचें भलें होवो. पण उत्तम तेवढें वेगळें काढावयाचें आणि उरलेल्यास खालावलेलें म्हणावयाचें, ही युक्ति आमच्या वर्गास फार दिवसांपासून अवगत आहे.

आमच्या हातांत कांहींच नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. विद्यापीठाच्या अधिसभेंत नोंदणीकृत पदवीधरांनीं दहा सभासद निवडून द्यावयाचे असतात. मागील निवडणूक २०२३ च्या मार्चांत झाली. पक्षांचीं पॅनेलें झाडून उतरलीं होतीं, कारण त्यांस त्या दहा जागांची किंमत ठाऊक आहे. आमच्या घरांतून एकच मत पडलें. आत्याबाई दोघी मैत्रिणींसह ऑटोनें गेल्या, मत देऊन आल्या व कोणास कांहीं बोलल्या नाहींत. आम्हांपैकीं बाकी कोणाचें नांवच यादींत नव्हतें.

त्या एप्रिलांतील जेवणानंतर आम्हीं नोंदणीचें मनावर घेतलें. पदवीचा पुरावा पाहिजे म्हणून ट्रंका उघडल्या. आजोबांची पदवी भिंतीवर, वडिलांची कापडी पिशवींत, आत्याबाईंची त्यांच्या कपाटांत. आमची १९७९ सालची बी. एस्सी. ची पदवी कोठेंच सांपडेना. मग लक्षांत आलें कीं, ती आम्हीं विद्यापीठांतून कधीं आणलीच नव्हती. नोकरी गुणपत्रिकेवर लागली; पदवीदानास कोण जाणार, म्हणून तेव्हां गेलों नाहीं, आणि पुढें पंचेचाळीस वर्षांत त्या बाजूस पाय वळला नाहीं.

अर्ज संगणकावर भरावयाचा होता. तें आम्हांस जमेना, म्हणून विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानांत गेलों. तेथें भिवापूरकडचा एक मुलगा आपलें काम आटोपून बसला होता. घरांतील पहिलाच पदवीधर. आमची धडपड पाहून त्यानें खुर्ची पुढें ओढली व भराभर रकाने भरूं लागला. उत्तीर्ण झाल्याचें वर्ष विचारलें, आम्हीं सांगितलें, तेव्हां तो हंसला.

"आतां या वयांत पदवी कशाला पाहिजे काका?"

आम्हीं त्यास अधिसभा, नोंदणी, दहा जागा असें सर्व समजावून सांगितलें. त्यानें लक्षपूर्वक ऐकलें.

"मग तुम्ही इतके दिवस कुठें होते?" त्यानें विचारलें. प्रश्नांत टोमणा नव्हता. आम्ही परगांवीं नोकरीस असूं असें त्यास वाटलें असावें. धंतोली, असें आम्हीं सांगितलें. त्यानें पत्त्याच्या रकान्यांत तें टंकलें आणि पिनकोड विचारला.