भिंतीवरच्या मुंग्या

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण मोठ्या ऐटीत म्हणतो. डोळ्यांना दिसले, की पुरावा संपला! पण जे दिसते ते तेथे नाही, हेही ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने काय करावे?

असा एक जण माझ्या घरातलाच आहे. माझा भाचा. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गोव्याला गेला असता त्याने एलएसडीचा कागदी तुकडा जिभेवर ठेवला. नशा दुसऱ्या दिवशी उतरली. मुंग्या मात्र राहिल्या. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर ज्या मुंग्या दिसत, तशा त्याला कोऱ्या भिंतीवर दिसतात, आकाशात दिसतात. हात हलवला की त्यामागून आणखी चार हात निघतात. रस्त्यावरच्या दिव्यांना चंद्रासारखे खळे पडते.

माझ्या बहिणीने आधी दृष्ट काढली, मग त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "डोळे उत्तम आहेत." झाले! पोरगा सोंग करतो आहे, असे घरात ठरून गेले.

डॉक्टरांचे काही चुकले नव्हते. बिघाड डोळ्यांत नसतोच. डोळ्यांनी धाडलेल्या चित्रातले नको ते गाळून टाकणारा मेंदूतला पहारेकरी ढिला पडतो, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने एलएसडी तयार केले १९३८ साली. त्याचा अंमल कसा असतो, ते त्याला स्वतःवरच कळले १९४३ साली. नशेमागून रेंगाळणाऱ्या या दृश्यांना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात विकार म्हणून जागा मिळाली, ती मात्र १९८७ साली. तोवर कितीजणांना 'सोंगाड्या' म्हणवून घ्यावे लागले असेल!

भ्रमिष्टाला दिसते ते खरे वाटते. माझ्या भाच्याला यातली एकही मुंगी खरी वाटत नाही. शहाणपण शाबूत आहे, म्हणून तर आपले पुढे काय होणार, या धास्तीने त्याची झोप उडते.

तुम्ही म्हणाल, करावे तसे भरावे. कबूल. पण झाडावरून पडून पाय मोडलेल्या मुलाला आपण आधी दवाखान्यात नेतो. झाडावर का चढलास, ते मागाहून विचारतो.

शेवटी मी त्याला एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. सोबत बहीणही आली. त्यांनी सगळे ऐकून घेतले, हसले नाहीत. म्हणाले, "हमखास औषध नाही. काही औषधांनी काहींना उतार पडतो. पुष्कळांचे हळूहळू ओसरते, काहींचे राहते. नशेला पुन्हा शिवायचे नाही, गांजालासुद्धा. आणि त्यांच्याकडे टक लावून बसायचे नाही."

हल्ली ताप विचारावा तशी बहीण सकाळी विचारते, "आज कितपत आहेत रे?" तो कधी म्हणतो, "कमी," कधी म्हणतो, "तेवढ्याच." आणि निमूटपणे चहाचा कप उचलतो. मुंग्या अजून गेलेल्या नाहीत. पण आता त्या त्याला एकट्याला मोजाव्या लागत नाहीत.