नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ

१९९७ साली मी बंगलोरच्या एएससी सेंटरला होतो (बेंगळुरू हे नाव सरकारी कागदावर खूप नंतर आलं). फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, मुलगा चौथीत. मॅजेस्टिकच्या बाजारातून त्याला ब्रिक गेम घेऊन दिला. हातात मावेल असं करड्या रंगाचं खोकं आणि त्यावर मोठ्या दिमाखात छापलेलं, '९९९९ इन १'. प्रत्यक्षात खेळ आठ-दहाच. विटा, रणगाडा, मोटारींची शर्यत, साप आणि असेच थोडे. बाकी सगळे त्याच खेळांचे वेग बदलून वाढवलेले आकडे. आमच्या स्टोअरच्या लेजरमध्ये असा हिशेब कुणी दाखवला असता तर त्याची पेशी झाली असती!

आत दोन पेन्सिल सेल. पडदा दहा चौकोन रुंद, वीस उंच, आणि त्यात दिवा नाही. डावीकडे दिशांची चार बटणं, उजवीकडे वीट फिरवायचं एक मोठं. मूळ खेळ टेट्रिस, १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी केलेला. निन्टेंडोच्या गेमबॉयवरून १९८९ पासून तो जगभर गेला. आपल्याकडे आला तो असा, स्वस्त नकलेच्या रूपात.

पोरगा पुस्तकात गेम लपवून खेळायचा. सहामाहीत गणितात नापास झाला तेव्हा मी गेम हिसकावून माझ्या काळ्या ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं. तो रडला नाही, एवढंच म्हणाला, "पप्पा, बंद करून ठेवा, पण रिसेट दाबू नका." मी लक्ष दिलं नाही. पुढे पोस्टिंग आली आणि ट्रंक माझ्याबरोबर लेहला गेली. कुटुंब बंगलोरलाच राहिलं, त्याच्या शाळेसाठी.

पहिल्या थंडीत ट्रंकेच्या तळाशी तो सापडला. रात्री काम नसायचं. बुखारीजवळ बसून सुरू केला, पण सेल संपत आले होते. नवे घातले. मग आमच्या खोलीत नंबर लागायला लागले. गारठ्यात पडदा मंद व्हायचा, वीट खाली गेली तरी तिची सावली वरच रेंगाळायची. म्हणून आधी तो कोटाच्या आत छातीशी धरून गरम करायचा आणि मगच खेळायचा. थंडीत सेलही लवकर बसायचे. ते काढून खिशात ऊब दिली की पुन्हा थोडे चालायचे.

आखाती युद्धातला एक गेमबॉय असाच. आगीत वरचं प्लॅस्टिक वितळून वाकडं झालं, तरी आतून चालू राहिला. निन्टेंडोने तो न्यूयॉर्कच्या दुकानात कितीतरी वर्षं मांडून ठेवला होता. आमच्या खोक्याची तेवढी परीक्षा झाली नाही.

मी पोराला अंतर्देशीय पत्र लिहिलं, 'आज माझे ६,२०० झाले. वर हाय-स्कोअर म्हणून माझाच आकडा येतो.' मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. चार दिवसांनी त्याचं पत्र आलं, माझं पोचायच्या आधी टाकलेलं. आईने सांगितलं होतं की गेम माझ्याकडे आहे. त्यात लिहिलं होतं, 'पप्पा, सेल काढू नका. माझा १४,००० चा हाय-स्कोअर त्यात आहे. सेल काढले की पुसतो.'

पत्र हातात घेऊन किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. मग उलट टपाली लिहिलं, 'नाही काढले.'

सुट्टीवर आलो तेव्हा गेम त्याच्या हातात दिला. त्याने सुरूही केला नाही, कपाटात ठेवला. मला वाटलं, आता क्रिकेटचं वेड लागलंय. मी सुटलो असंच वाटलं.

आता तो व्हाइटफील्डला नोकरी करतो. मागच्या दिवाळीत नातू मोबाइलवर काहीतरी खेळत होता. सून ओरडली, त्याच्या हातातून मोबाइल काढायला निघाली. मुलगा तिला म्हणाला, "थांब, आधी त्याला सेव्ह करू दे." मला राहवलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगून टाकलं.

तो हसला. "पप्पा, मला तेव्हाच कळलं होतं. माझे चौदा हजार आत असताना तुमचे सहा हजार वर कसे दिसतील?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही लिहिलं होतं ना, नाही काढले म्हणून."